आमच्याकडे नाहीत हो!

नालासोपारा पूर्वेला, आचोळे रोडच्या आतल्या बाजूची चार मजली बिल्डिंग. ३०३ ची गॅलरी आणि ३०४ ची गॅलरी यांच्यात हातभर अंतर. दोन्हींना ग्रिल, दोन्हींत पाण्याची पिंपं. वेळ रविवार सकाळची.

"काय गो, सकाळी सकाळी गाद्या बाहेर? पाहुणे येणारत?"

"हळू बोला ना काकू."

"हळू कशाला? गादी वाळत घालायला सोसायटीचं एनओसी लागतं?"

"तसं नाही हो..." ३०४ ची वहिनी ग्रिलला अगदी चिकटली. "ढेकूण झालेत. कोणाला सांगू नका."

"ढेकूण!"

काकूंचा आवाज लालबागच्या चाळीत तयार झालेला. खाली मोटार चालू करायला निघालेल्या वॉचमनने मान वर केली.

"काकू!"

"बरं बरं. आले कुठून?"

"तो सोफा-कम-बेड. सेकंडहँड मिळाला स्वस्तात."

"सोफा कम आणि ढेकूण जास्त. कळलं कधी?"

"चादरीवर काळे ठिपके दिसायचे. मला वाटलं, धाकट्याच्या पेनाची शाई. मग त्याच्याच हातावर ओळीने गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसुलं लावा. चार दिवस आमसुलं लावली!"

"आणि आता गादी उन्हात टाकलीस. बाय माझे, उन्हाने वरचा कापूस तापतो. ढेकूण आत सरकून गारव्याला बसतो. पन्नास डिग्रीच्या वरची आच थेट अंगाला लागली पाहिजे, तेव्हा तो जातो. चादरी, अभ्रे उकळत्या पाण्यात घाल. गादीच्या शिवणीवरून वाफेची इस्त्री फिरव, हळूहळू, घाई न करता. आणि त्या सोफ्याचे स्क्रू काढून बघ, भोकाभोकांत असतील. भिंतीवरची फ्रेम उलटी करून बघ. स्विचबोर्डाची फट बघ, पण आधी मेन स्विच बंद कर."

"मी म्हटलं होतं, गणपतीला गावी जाऊ तेव्हा उपाशी मरतील."

"ते? महिनोन्महिने अन्नाशिवाय राहतात. तू साताऱ्याहून येशील तेव्हा उपास सोडायला पान मांडून बसलेले असतील."

वहिनी हसली, मग एकदम गप्प झाली. "पण बिल्डिंगमध्ये कळलं तर काय म्हणतील हो? घाणेरडी म्हणतील."

"हेच! ह्या एका भीतीवर ढेकणांचं सगळं चाललंय. आमच्या चाळीत मे महिना आला की सगळ्या खाटा, सगळी बाजली खाली पटांगणात. चुलीवर पाण्याचे हंडे. एकाच दिवशी सगळ्या खोल्या. कोणाच्या खाटेतून जास्त निघाले यावर पोरं पैजा मारायची. कोणाला लाज नाही, कोणाला राग नाही. मग ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी गेली, आम्ही खोली विकली आणि इकडे सेल्फ कंटेन ब्लॉक घेतला. आपला संडास, आपली मोरी, आपलं दार. आणि दार लागल्यापासून बघ, कोणाकडे काही म्हणून नाही. कोणालाही विचार, 'आमच्याकडे नाहीत हो!'"

"खरंच नसतील काहींकडे."

"तुझ्याकडे झुरळं आहेत?"

"छे! म्हणजे... मिक्सरखाली असतात छोटी छोटी. मोठी नाहीत."

"ती छोटीच वाईट. मोठं तांबडं झुरळ असतं ना, ते गटाराचं. चेंबरमधून, पाइपातून, मोरीच्या जाळीतून वर येतं. जाळी नीट बसवली, चेंबर साफ केला की त्याचं येणं कमी होतं. छोटं मात्र गटारात राहत नाही, ते आपल्या घरात राहतं. मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरमागे, ट्रॉलीच्या बिजागरीत. किराण्याच्या खोक्यातून येतं, अंड्यांच्या ट्रेमधून येतं. माझी नात सायन्सला आहे, ती म्हणते, आजी, हे जर्मन झुरळ."

"जर्मन? इथे, आचोळ्यात?"

"नावाचंच जर्मन. २०२४ साली शास्त्रज्ञांनी देशोदेशीची झुरळं गोळा करून त्यांची जनुकं तपासली. मूळ निघालं आपल्याच बाजूचं, भारत नाहीतर म्यानमार. एकवीसशे वर्षांपूर्वी इथल्या रानातल्या झुरळापासून हे वेगळं झालं आणि माणसाच्या घरात शिरलं. पुढे व्यापाऱ्यांच्या सामानातून युरोपात गेलं, तिथे त्याला नाव मिळालं."

"म्हणजे फॉरेन रिटर्न!"

"आणि ते मोठं, त्याला अमेरिकन म्हणतात, ते मुळात आफ्रिकेचं. सगळ्यांचे पत्ते खोटे."

"मी दर रविवारी लाल स्प्रे मारते, काकू. घर अगदी भरून टाकते."

"माहितीये मला. रविवारी संध्याकाळी ती सगळी माझ्या मोरीत येतात. मग मी बुधवारी मारते, तेव्हा ४०३ मध्ये जातात. ४०३ वाली शनिवारी मारते. रविवारी ती परत तुझ्याकडे. आपण तिघी मिळून त्यांना फक्त फिरवतोय. स्प्रे जेवढ्यांच्या अंगावर पडतो तेवढी मरतात, बाकीची डक्ट ओलांडतात. त्यांना आपले नंबर माहीत नाहीत. आपण म्हणतो ३०३, ३०४. त्यांना ती एकच भिंत."

"मग त्या पेस्ट कंट्रोलवाल्याने गेल्या वर्षी जेल लावलं होतं, त्याचाही उपयोग झाला नाही."

"लावून गेला, मग तू काय केलंस?"

"दुसऱ्या दिवशी फिनेलने सगळं पुसून काढलं. वास येत होता."

"शाब्बास! आणि रविवार चुकवला नसशीलच, स्प्रेपण मारला असशील."

"मारला."

"अगो, जेल म्हणजे आमिष. राईएवढा थेंब बिजागरीत. झुरळ खातं, तिथल्या तिथे मरत नाही, आपल्या फटीत जातं. तिथे मरतं. बाकीची त्याची विष्ठा खातात, त्याचं मढं खातात, तीही मरतात."

"ई! चहा पितेय मी."

"पी. स्प्रेच्या वासाने ती त्या थेंबाकडे फिरकतच नाहीत. एक तर जेल, नाहीतर स्प्रे. आणि एकदा लावून भागत नाही. मादी अंड्यांची डबी पोटाशी धरून फिरते, एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. डब्या फुटल्या की नवी पलटण. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावायचं. अमेरिकेत तर काही झुरळांनी गोड खायचंच सोडलं. जेलमध्ये ग्लुकोज असायचं. गोड आवडणारी सगळी मेली, ज्यांना ते कडू लागायचं ती वाचली, आणि पुढे त्यांचीच पोरंबाळं वाढली. कंपन्यांना आमिष बदलावं लागलं."

"आणि आमच्या ह्यांना डॉक्टर सांगून दमले, साखर सुटत नाही."

"माझ्या सासूबाई बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात मळून गोळ्या करायच्या. त्या अजून चालतात, वेळ लागतो इतकंच. पण तुझा धाकटा दिसेल ते तोंडात घालतो, तू नको करू."

"काकू, ४०२ मधल्या जैन भाभींकडे मात्र खरंच एक झुरळ नाही. मी गेले होते एकदा रात्री विरजण मागायला. आणि त्या तर मारूही देत नाहीत."

"मारायला लागतच नाही त्यांना. सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपलेली. ओटा पुसलेला, भांडी घासलेली, कचरा बाहेर. झुरळ फिरतं रात्री, आणि रात्री त्या स्वयंपाकघरात त्याला ना कण मिळत, ना पाण्याचा थेंब. आपण साडेअकराला विरार फास्टने आलेल्या नवऱ्याचं ताट वाढतो आणि खरकटं तसंच सिंकमध्ये ठेवून झोपतो. झुरळांची पंगत तिथेच बसते. त्या भाभींना मीटिंगला बोलवायला हवं. औषध नको म्हणतील, पण भोकं बुजवायला सगळ्यांच्या पुढे असतील."

"कसली मीटिंग?"

"ती सांगते पुढे. आधी तुझ्या वॉशिंग मशीनचा पाइप का गळत होता ते सांग."

"उंदराने कुरतडला."

"आणि उंदीर आला कुठून? त्या डक्टमध्ये जरा डोकावून बघ. भात, पोळ्या, डायपर, सगळं खिडकीतून खाली. वर पाइपाची शिडी तयारच आहे. बोट जाईल एवढ्या फटीतून पिल्लू आत येतं. खाली चायनीजची गाडी आहेच. २०१८ च्या जुलैत रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद, लाइट नाही, तेव्हा चेंबर उलटे वाहिले आणि घुशी जिना चढून पहिल्या मजल्यापर्यंत आल्या होत्या. त्या पाण्यातून चालत आलेल्या प्रत्येकाला मी म्हणत होते, पायाला जखम असेल तर डॉक्टरकडे जा, लेप्टो उंदराच्या मुतातून होतो."

"मी विष ठेवू का टोमॅटोला लावून? आमच्या गावाकडं ठेवतात."

"खबरदार! मालाडची बातमी विसरलीस? २०२२ ची. उंदरासाठी विष लावलेला टोमॅटो त्या बाईने चुकून स्वतःच्याच नूडल्समध्ये घातला, जीव गेला. स्वयंपाकघरात विष आणि अन्न एकत्र नको. पिंजरा लाव. फटीत तारेची घासणी कोंब, वरून सिमेंट. ते भोक कायमचं बंद."

वहिनी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या आजेसासूबाई प्लेगच्या गोष्टी सांगायच्या. त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेल्या. घरात उंदीर पडायला लागले की सगळं गाव उठायचं आणि रानात खोपटी बांधून राहायचं. पण कोणी तरी असायचं, की घरात पडलेला उंदीर गुपचूप परड्यात पुरायचं. गावाला कळेपर्यंत घरातलं माणूस गेलेलं असायचं."

"मुंबईत तेच. आमच्या शेजारच्या खोलीतले भाऊ हाफकिनमध्ये होते परळला, ते सांगायचे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. व्हिएगसांनी प्लेग ओळखला. हाफकिनसाहेबाने १८९७ च्या जानेवारीत लस केली आणि पहिली टोचली स्वतःला. पण लोक आजारी माणसाला लपवायचे. लोकांचंही काय चुकलं म्हणा, सरकारी माणसं घरात घुसून माणूस उचलून न्यायची, सामान जाळायची. सांगितलं तर शिक्षा, मग सांगेल कोण? आपल्याकडे शिक्षा कोण करतो? आपणच. लिफ्ट नाही म्हणून जिन्यात भेटतो तेवढ्यात एकमेकींना नावं ठेवतो."

"तुम्हीसुद्धा ४०१ ला नावं ठेवता काकू."

"ती वेगळी गोष्ट आहे. तिने गेल्या वेळी पेस्ट कंट्रोलवाल्याला दारच उघडलं नाही. म्हणाली, 'आमच्याकडे नाहीत हो!' सगळ्या बिल्डिंगची झुरळं आठवडाभर तिच्याकडे राहिली आणि मग घरोघरी परतली. ऐक. प्लेग नाही आला तुझ्याकडे. ढेकूण रोग आणत नाही, झोप नेतो. त्यात लाजण्यासारखं काय? तू आज ग्रुपवर लिही."

"मी? ग्रुपवर? नाही हो!"

"तूच. मी लिहिलं तर म्हणतील, म्हातारीला उद्योग नाही. मीटिंगमध्ये ठरवू. एकच दिवस, चौथ्या मजल्यापासून खाली, प्रत्येक दार उघडं. खालची दुकानंसुद्धा. डक्ट साफ, चेंबर साफ, मोऱ्यांना जाळ्या. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे लायसन्स बघायचं, औषधाचं नाव लिहून घ्यायचं. २०१ मध्ये तान्हं आहे, तिथे फवारणी नाही, फक्त जेल. तीन आठवड्यांनी पुन्हा. आणि ही आपली पिंपं, पाणी येवो न येवो, आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. पालिकेच्या गाडीचा धूर उडणारे डास मारतो, पिंपातल्या अळ्यांना तो पोचत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो."

"खर्च कोण देणार?"

"आत्ता आपण प्रत्येक जण वेगवेगळे डबे विकत घेतोच ना दर महिन्याला? तोच एकत्र. लिही."

वहिनीने मोबाइल काढला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. 'नमस्कार. ३०४ मध्ये ढेकूण झाले आहेत. आम्ही उपाय करत आहोत. आणखी कोणाकडे असल्यास कृपया सांगावे, एकत्र औषध करता येईल.' डोळे मिटून पाठवून दिलं.

"झालं. आता मी जिन्यात तोंड दाखवू शकत नाही."

"थांब जरा."

ग्रुपवर सगळं शांत. मग १०२ वरून आलं, 'आमच्याकडेही आहेत, पण थोडेसेच.' २०३ ने लिहिलं, 'मार्चपासून.' ३०१ ने हात जोडलेले दोन इमोजी आणि 'आम्हाला वाटलं फक्त आमच्याकडे.' दुकानदाराने खालून लिहिलं, 'उंदराचं पण बघा.'

"आणि हे बघा काकू, ४०१! 'ते आमच्याकडे ३०४ मधूनच आले असणार.'"

"म्हणजे आहेत!" काकूंनी ग्रिलवर थाप मारली. "आहेत तिच्याकडे! पेंटिंगच्या मीटिंगला चार जण आले होते, कोरम झाला नाही म्हणून ढकलली. हिला बघ, सगळी बिल्डिंग येईल. लिही, पुढच्या रविवारी दहा वाजता, खाली पार्किंगमध्ये. खुर्च्या ज्याने त्याने आणायच्या."

"बरं."

"आणि प्लास्टिकच्या आणा म्हणावं. गादीच्या नकोत."