वक्ता, लेंगा आणि पेन्सिल सेल

आमच्याकडच्या व्याख्यानांना वक्त्याचा परिचय करून देण्याचं काम माझ्याकडे असतं. ग्रंथसंपदा, पुरस्कार, परदेशवाऱ्या सगळं मी सांगतो. एवढंच सांगत नाही, की पुढचा तासभर या थोर माणसाची वाणी दोन पेन्सिल सेलांच्या भरवशावर आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याला वीजपुरवठा एकच लागे : दुपारचं जेवण. आता कॉलर माईक आला. हा दिसायला एवढासा, पण राहणी घरजावयाची. त्याच्या पोटातली इलेक्ट्रेट कॅप्सूल सेसलर आणि वेस्ट या जोडीने १९६२ साली बेल लॅबमध्ये तयार केली. तिच्या पडद्यावरचा विद्युतभार कायमचा असतो, तो बाहेरून द्यावा लागत नाही. पण तिचा आवाज इतका क्षीण, की तो सावरायला आतच एक चिमुकला ट्रान्झिस्टर बसवतात आणि त्याला मात्र व्होल्टेज लागतं. ते कमरेच्या ट्रान्समीटरमधून येतं. ज्या वायरीतून आवाज खाली उतरतो, त्याच वायरीतून व्होल्टेज वर चढतं. थोडक्यात, सासऱ्याचंच खायचं आणि सासऱ्यालाच ऐकवायचं!

हा सासरा अडकवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. ट्रान्समीटरची क्लिप ज्याने बनवली त्याने पॅन्ट आणि पट्टा गृहीत धरला होता. आमचे वक्ते झब्बा-लेंग्यातले. साउंडवाला पोरगा येतो आणि म्हणतो, "सर, जरा हात वर करा." आयुष्यात व्यवस्थेपुढे हात वर न केलेले सर निमूटपणे करतात. पोरगा झब्ब्यात शिरतो, नाडी चाचपतो आणि ट्रान्समीटर तिथे लटकवतो. मग मुद्दे वजनदार होत जातात तसतसा लेंगाही खाली ओढला जातो. सर दर दोन वाक्यांनी तो वर घेतात आणि श्रोत्यांना वाटतं, काय तळमळ आहे!

पण खरा घात करतात ते सेल. आमचे खजिनदार सेल बदलायला कधीच तयार नसतात. "मागच्या कार्यक्रमाचे चालतायत की अजून!" फार मागे लागलं तर घरचे रिचार्जेबल आणतात. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा. तो हळूहळू उतरतो, त्यामुळे ट्रान्समीटरवरच्या कांड्या आधी सूचना देतात. रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, तो जवळजवळ शेवटपर्यंत तग धरतो आणि एकदम मान टाकतो. बऱ्याच ट्रान्समीटरांत सेलचा प्रकार निवडायची सोय असते, पण ती कोण बघतो?

एकदा एक विचारवंत अगदी रंगात आले होते. "आणि म्हणूनच, मित्रहो, या देशाला आज गरज आहे ती..." एवढ्यात सेलांनी मान टाकली. ओठ हलत राहिले, मूठ उगारली गेली आणि मागच्या रांगांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाहेर चहाच्या टेबलाजवळ वाद पेटला. एक गट म्हणे शिक्षणाची गरज, दुसरा म्हणे शिस्तीची. साउंडवाला वायर गुंडाळत म्हणाला, "सेलांची."

अशा वेळी एखादा हुशार सुचवतो, "हीच वायर सरळ मिक्सरला खुपसा ना!" मिक्सरची फँटम पॉवर ४८ व्होल्टची आणि या जीवाला लागतात साधारण पाच. मध्ये अडॅप्टर नसेल तर प्लगसुद्धा बसत नाही. दुसऱ्या कंपनीचा माईक आणावा तर एकाला तीन पिना, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पेच.

तेव्हा आयोजकहो, शाल हलकी घ्या, हाराऐवजी एक फूल द्या. पण प्रत्येक वक्त्यासाठी अल्कलाइन सेलांची कोरी जोडी आणा. वापरलेले सेल सभागृहाच्या भिंतीवरच्या घड्याळात घाला. त्याला करंट नगण्य लागतो, ते त्यावर महिनोन्महिने चालेल. शिवाय वेळ संपल्याचं वक्त्याला कोणीतरी सांगायला हवंच.