काच खाली करणारे भाऊ

पांढरकवड्याहून करंजीकडे निघालं, की कधी तरी पलीकडच्या बाजूला गाठींचा ट्रक पलटी झालेला दिसतो. राष्ट्रीय महामार्ग ४४, चौपदरी, मधात दुभाजक. आपली बाजू सताड मोकळी. तरी भाऊंची गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि काच खाली होते.

"आवं, चला ना, लग्न लागून जाईन!" मागून वहिनी.

"थांब वं, पाहू दे."

भाऊ थांबत मात्र नाहीत. थांबलं की उतरावं लागतं, उतरलं की हात लावावा लागतो. भाऊ नुसते हळू होतात. मागचा त्याहून हळू होतो, त्याच्या मागच्याला ब्रेकच मारावा लागतो आणि पार मागं कोळशाचा ट्रकवाला चक्क उभा राहून शिव्या देतो. त्याच्यापुढं रस्त्यावर काहीच झालेलं नसतं. भाऊंनी पाहिलेलं असतं, एवढंच.

पाहण्यातही शिस्त आहे. आधी नंबरप्लेट. एमएच २९ असली तर "अरारारा!" बाहेरची असली तर "झोपला असंन लेकाचा." मग काच, मग टायर, माणूस सगळ्यात शेवटी.

पूर्वी "पोलिसांचं लफडं कोण मागं लावून घेईन?" म्हणायची सोय होती. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत कलम १३४-अ आलं आणि ती गेली. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर आता दिवाणी-फौजदारी काही लागत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. भाऊंची पंचाईत झाली. पण महिनाभरात "सीट खराब होते" सापडलं. १०८ ला फोन? "लावला असंन कोणीतरी." मागच्या गाडीतल्या भाऊंचंही हेच मत असतं.

करंजीला चहा घेताना ड्रायव्हरला नुसतं खरचटलेलं असतं. मोहद्याला पानठेल्यावर त्याचा पाय जातो. जोडमोह्यात क्लीनर सापडत नाही. (तिथं कशाला थांबले, हे विचारू नका, बातमी घेऊन माणूस सरळ जात नाही.) यवतमाळला मांडवात शिरेस्तोवर दोघं गेलेले असतात आणि अक्षता हातात तशाच धरून पाहुणे भाऊंभोवती गोळा झालेले असतात.

"आवं, थो ड्रायव्हर तं धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता," वहिनी म्हणतात.

"धक्क्यात होता थो," भाऊ म्हणतात, "तुले काय समजते?"