सोळापदरी पाहुणा

आमच्या घरात आधी ग्राफिक्स कार्ड आलं आणि मग त्याच्यासाठी लॅपटॉप शोधायची वेळ आली. नाल सापडली म्हणून घोडा बघायला निघावं, तसं. पुण्याच्या भाच्याने नवं कार्ड घेतलं आणि जुनं, २०१६च्या पिढीतलं जीटीएक्स १०६०, मे महिन्याच्या सुट्टीत मिठाईच्या खोक्यात घालून आणलं. "मामा, अजून दमदार आहे," म्हणाला. चिरंजीवांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. दहावीची गुणपत्रिका त्यांनी इतक्या आदराने घेतल्याचं मला आठवत नाही.

आता लॅपटॉपच्या पोटात हे धूड मावणं शक्य नाही. म्हणून ते बाहेर एका डब्यात ठेवायचं, डब्याला स्वतंत्र वीज द्यायची आणि एका केबलने लॅपटॉपला जोडायचं, अशी योजना मांडण्यात आली. मी म्हटलं, एवढा मोठा कारभार एका केबलवर? चिरंजीवांकडे उत्तर तयार होतं. "बाबा, घारापुरीला २०१८मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज नेली. अख्खं बेट केबलवर चालतं. माझं तर अर्ध्या मीटरचं काम आहे." घारापुरी आमच्याच उरण तालुक्यात, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

लॅपटॉप म्हणजे काय, हे मला कागदावर पाठ आहे. मी न्हावा-शेव्याच्या एका कंटेनर गोदामात कारकुनी करतो. आठ-चार-सात-एक हा त्याचा कस्टमचा आकडा. ३ ऑगस्ट २०२३ला सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली, तेव्हा आमच्या खोलीत दोन दिवस चहा निवत होता. पण इतके कागद फिरवूनही घरात लॅपटॉप एकही नाही. दारावरून कंटेनर जातात आणि खरेदीला मात्र आम्ही समुद्र ओलांडून लॅमिंग्टन रोडला जातो.

१२ जानेवारी २०२४ला उरणला लोकल आली, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. तरी मी मोऱ्याहून लाँचच धरली. सवय, दुसरं काय. वाटेत चिरंजीवांनी माझी शिकवणी घेतली. स्वस्तातला हवा म्हणून जुना, कंपन्यांनी काढून टाकलेला लॅपटॉप घ्यायचा. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको; त्या पिढीपासून साध्या लॅपटॉपमध्येही चार कोअर आले आणि विंडोज ११सुद्धा अधिकृतपणे तिच्यापासूनच चालतं. आणि मुख्य म्हणजे थंडरबोल्ट हवं.

हे थंडरबोल्ट प्रकरण जरा सांगायला हवं. हे कार्ड डेस्कटॉपमध्ये सोळापदरी रस्त्यावर वाढलेलं असतं. थंडरबोल्ट ३ची केबल चाळीस गिगाबिटचा बिल्ला लावून मिरवते, पण त्यातून कार्डाच्या वाट्याला येतात जास्तीत जास्त चार पदर. काही लॅपटॉपांत तर दोनच, आणि बाहेर विजेची खूण मात्र तीच. लोकांना हे समजून घ्यायला तासतासाचे व्हिडिओ बघावे लागतात. उरणकराला करळ फाटा आठवला की पुरे. १९८९ साली सुरू झालेलं आमचं बंदर आता वर्षाला, वीस फुटी हिशेबाने, साठ लाखांहून जास्त कंटेनर हलवतं. पण क्रेनने किती का झपाझप उचलेना, फाट्यावर एक ट्रेलर आडवा झाला की सगळं जग थांबतं. कार्ड म्हणजे बंदर आणि केबल म्हणजे करळ फाटा. लॅपटॉपच्याच पडद्यावर चित्र बघायचा हट्ट धरला, तर ट्रेलरने त्याच रस्त्याने भरून परत यायचं. वेगळा मॉनिटर थेट कार्डाला लावला की परतीची वाहतूक तेवढी वाचते. हे मी चिरंजीवांना समजावलं. ते पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघत होते.

दुकानदाराने पहिलाच लॅपटॉप पुढे सरकवला. "थंडरबोल्ट आहे ना साहेब! हा काय टाइप-सी." भोक तेच, पण शेजारची खूण बॅटरीची होती. म्हणजे चार्जिंगची, थंडरबोल्टची नव्हे. दुसऱ्याला काहीच खूण नव्हती. "खूण पुसली गेली," असं उत्तर मिळालं. सातव्या दुकानात एक थिंकपॅड टी४८० मिळाला, विजेच्या खुणेसकट. दुकानदार म्हणेल तो भाव देऊन मोकळे झालो, तेव्हा डब्याची किंमत कळली. डबा लॅपटॉपहून महाग! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याने कधीतरी लॅमिंग्टन रोडला फेरी मारली असणार. एका गल्लीवाल्याने स्वस्त उपायही सांगितला: लॅपटॉपचं पोट उघडायचं, आतल्या एका खाचेत अडॅप्टर बसवायचा आणि वायर बाहेर लोंबती सोडायची. मला ते शस्त्रक्रियेनंतर टाके न घालता घरी पाठवल्यासारखं वाटलं. तोच पुढे म्हणाला, "काका, एवढ्या पैशांत जुना डेस्कटॉप येतो. कार्ड आत टाका, विषय संपला." बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. चिरंजीवांनी त्याच्याकडे पाठ केली. मग मीही केली.

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर आलो तर मोऱ्याला ओहोटी. गाळात लाँच लागेना म्हणून पाणी भरेपर्यंत बसा. मांडीवर विजेच्या खुणेचा लॅपटॉप, पायाशी सोन्याच्या भावाचा डबा आणि समोर समुद्र असून वाट नाही.

घरी आल्यावर आईने डब्याभोवती एक फेरी मारली. "यो डबा कवऱ्याला घेतलास रं?" मी निम्मी किंमत सांगितली. तरी ती खाली बसली.

यंत्र चाललं. फक्त खेळ सुरू झाला की डब्याच्या पाठीतून भट्टीसारखी गरम हवा येते. जूनमध्ये पाऊस लागला, सुकट सादळायला लागली आणि आईच्या नजरेत एकदम डब्याविषयी माया आली. आता त्याच्यामागे ताटात जवळा पसरलेला असतो. मुलाचे पुण्याचे मित्र हेडफोनवर बोलत असतात, त्यांना वास येत नाही हे नशीब. काल त्याचं डोकं दुखत होतं म्हणून तो लवकर झोपायला निघाला, तर आई दारात उभी.

"आज खेलाचा नाय का रं? जवला अजून वला हाय."