उत्साहाचं आवर्तन

२०२६ सालची गोष्ट. रविवारी, १ मार्चला, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना होता. यजमान ऑस्ट्रेलिया विरुद्ध फिलिपिन्स. आपल्या मुलींचा पहिला सामना ४ तारखेला, व्हिएतनामशी. ही बातमी मी त्याआधी एका सकाळी आमच्या नगरच्या सावेडीतल्या टपरीवर सांगितली. टपरीवर तेव्हा तिघं होते : चहावाले दादा, पाटबंधारे खात्यातून पाटकरी म्हणून निवृत्त झालेले आबा आणि आमच्या वॉर्डातले भावी.

भावींची ओळख करून द्यायला हवी. त्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, तोवर ते ‘भावी नगरसेवक’ होते. निकाल लागला आणि मतदारांनी त्यातला ‘नगरसेवक’ तेवढा काढून घेतला. ‘भावी’ शिल्लक राहिलं. कशाचे भावी, ते पुढची निवडणूक जाहीर झाली की ठरेल.

“पर्थ?” भावी म्हणाले, “तिथली खेळपट्टी उसळी देते. बुमराहला खेळवलाच पाहिजे.”

“भावी, फुटबॉल आहे. महिलांचं.”

“असं होय. मग बुमराहला विश्रांती द्यायला हरकत नाही.”

समोर व्हिएतनाम आहे म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. व्हिएतनामवाले अमेरिकेला भारी पडले ते आपल्या महाराजांचा गनिमी कावा शिकून, असा एक मेसेज त्यांच्या मोबाइलवर दर शिवजयंतीला येतो आणि तो ते दर शिवजयंतीला पुढं ढकलतात. “म्हणजे कसं बघा,” ते म्हणाले, “आपण जिंकलो तर आपण जिंकलो. ते जिंकले तरी आपणच जिंकलो.” गटात जपान आणि चायनीज तैपेईही आहेत हे मी सांगितलं नाही. त्यांच्याबद्दलचे मेसेज अजून आलेले नाहीत.

आबा इतका वेळ बशीतला चहा फुंकत होते. ते म्हणाले, “ह्ये आवर्तनासारखं झालं. आवर्तन सुटायच्या आदी लई हालचाल असती. बैठका हुत्यात, पेपरात येतं, पुढारी पाटावर जाऊन फोटो काढत्यात. पाणी सुटलं की हेडवाले डोंगळे पाइप टाकून ओढून घेत्यात आन् टेलच्या चारीला पोचतो तो निस्ता ओलावा. त्योबी कवा कवा.”

आबांनी चाळीस वर्षं पाटाची दारं उघडली आणि बंद केली. त्यांच्या शब्दाला पाण्याइतकंच वजन आहे. मी हिशेब करून पाहिला, तर आपल्या क्रीडाप्रेमाचा सगळा कालवाच त्यांनी दोन वाक्यांत मोजला होता. हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, क्रिकेट बसलंय. त्यातही आमचा जिल्हा हेडच्या मानाचा : श्रीरामपूरनं झहीर खान दिला, संगमनेर तालुक्यानं अजिंक्य रहाणे. टेलला, म्हणजे पार शेवटाला, मुलींचं फुटबॉल. ‘टेल टू हेड’ पाणी द्यायचं असं धोरण प्रत्येक सभेत मोठ्यानं वाचलं जातं. पाणी मात्र वाचून वाहत नाही.

पुरावे हवेत? ५ जुलै २०२५चं घ्या. थायलंडमधल्या चियांग माईत आपल्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याआधी मंगोलियाला १३, इराकला ५, तिमोर-लेस्तेला ४. चार सामन्यांत चोवीस गोल दिले, खाल्ला एक. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जाण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी आपण काय करत होतो? निम्मे पंढरपूरच्या वाटेवर होते, दुसऱ्या दिवशी आषाढी होती, त्यांना माफ. उरलेले एजबॅस्टनला शुभमन गिलचं दुसऱ्या डावातलं शतक मोजत होते. संगीताचे दोन गोल त्या शतकाखाली असे दबले की शोधायला पोकलेन आणावा लागला असता.

त्याआधीचं, २०२२चं आवर्तन तर थेट आपल्याच शिवारातलं. हीच आशियाई स्पर्धा तेव्हा महाराष्ट्रात होती : मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याचं बालेवाडी. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विरुद्ध इराण. इराणच्या मुली या स्पर्धेत पहिल्यांदाच आलेल्या. आपण हल्ले केले, संधी दवडल्या, शून्य-शून्य बरोबरी झाली. २३ तारखेला पुढचा सामना. तोवर आपल्या डझनभर मुली कोरोना पॉझिटिव्ह. नियमाप्रमाणे मैदानात उतरायला किमान तेरा खेळाडू लागतात, तेवढ्या उभ्या करता येईनात. संघ स्पर्धेतून बाहेर. नियम असा की, बाहेर पडलेल्या संघाचे झालेले सामनेही रद्द. म्हणजे मांडव आपला, आचारी आपला, पत्रिकेवर नाव आपलं, आणि नवरीलाच आत घेतलं नाही. वर अक्षता पडल्याच नव्हत्या असं लिहून दिलं. आपल्या हिशेबी मिळालेलं ते एकुलतं शून्यसुद्धा पुसलं गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्याकडे होता. ऑगस्टमध्ये ‘बाहेरच्यांची लुडबूड’ म्हणून फिफानं आपल्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. अकरा-बारा दिवसांनी निलंबन उठलं. मग ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरात आपल्या पोरी उद्घाटनाच्या दिवशी अमेरिकेसमोर उभ्या राहिल्या. आठ-शून्य. मोठी माणसं खुर्च्यांसाठी भांडत होती तोवर पोरींनी सराव केला, आणि पोरी हरल्या तेव्हा मोठी माणसं म्हणाली, सराव कमी पडला.

“पण नोव्हेंबरात पोरींनी वर्ल्ड कप जिंकला की!” दादांनी आठवण दिली. जिंकला. २ नोव्हेंबर २०२५, तेच डी. वाय. पाटील स्टेडियम, दक्षिण आफ्रिकेला हरवून. आपल्या चौकात फटाके वाजले. पण तो चेंडू क्रिकेटचा होता, म्हणजे पाणी हेडलाच राहिलं. फक्त हेडच्या वावरात पहिल्यांदा बाईच्या नावाचा सातबारा निघाला. हेही थोडं नाही. तरी टेल ती टेलच.

मी विचारलं, यंदा काही करायचं का? चौकात पडदा लावू, ४ तारखेचा सामना सगळे मिळून बघू. ‘कार्यक्रम’ हा वास येताच भावी ताठ बसले. दहा मिनिटांत समिती तयार. एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सात मार्गदर्शक, दहा निमंत्रक. बावीस झाले. “दोन्ही टीम मिळून बावीसच असतात ना? जमलं,” भावी म्हणाले. फ्लेक्सचा मजकूरही ठरला. वर बावीस फोटो. खेळाडूंचा फोटो खाली कोपऱ्यात, जागा उरली तर.

“कॅप्टनचं लग्न झालंय का?” भावींनी विचारलं.

“कशाला?”

“सत्कार कुणाचा करायचा ते ठरवायला लागंल ना. आपल्याकडं सरपंचबाई निवडून येतात, पण हार त्यांच्या मालकाच्याच गळ्यात पडतो. इथं कर्णधारपती नसले तर हार कुणाला घालायचा? ऐनवेळी गोंधळ नको.”

आता मुख्य अडचण. ८ मार्चला जागतिक महिला दिन. आणि त्याच दिवशी पुरुषांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत. त्यामुळं महिला दिनाचा कार्यक्रम सकाळी उरकायचा, म्हणजे संध्याकाळी महिलांना भजी तळायला मोकळीक मिळेल, असं समितीनं एकमतानं ठरवलं. सकाळच्या कार्यक्रमात ‘खेळ पैठणीचा’. बायकांच्या खेळांना प्रायोजक मिळत नाहीत असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आमच्याकडे येऊन बघावं. पैठणी, मिक्सर, कुकर, सोन्याची नथ, सगळं तयार आहे. अट एवढीच की, बाईनं संगीत खुर्चीभोवती पळावं किंवा फुगा फोडावा. चेंडूमागं पळाली की बजेट संपतं.

“आपल्या संस्कृतीत लाथ मारायचा खेळ बसत नाही,” उपाध्यक्षांपैकी एक म्हणाले. खरंच बसत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत आपल्याच वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली, तिथं निकाल पटला नाही म्हणून एका मल्लानं पंचालाच लाथ घातली. ती लाथ साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली. तीन वर्षांची बंदी आली. कुणी आमच्या जिल्ह्याला फुटबॉलची परंपरा नाही म्हणू नये. मैदान तेवढं चुकलं होतं.

दादांना ऑफसाइड समजत नव्हतं. मी नियम सांगितला, डोक्यावरून गेला. शेवटी जवळचं उदाहरण दिलं. “दादा, शनिशिंगणापूर माहितीय ना? गावात घरांना दारं नाहीत. पण चौथऱ्याला बायकांपुरतं एक न दिसणारं दार होतं. बाई पुढं सरकली की शिट्टी. शेवटी हायकोर्टानं नियम वाचून दाखवला आणि २०१६च्या गुढीपाडव्याला बायका चौथऱ्यावर गेल्या. ती न दिसणारी रेघ म्हणजे ऑफसाइड.” दादांना लगेच कळलं. फक्त एक शंका उरली : “मग फुटबॉलात ही रेघ दोन्हीकडच्यांना सारखीच असती का?” हो म्हटल्यावर त्यांना खेळ आवडायला लागला.

खरं तर गोलरक्षण म्हणजे काय ते या शहराला कुणी शिकवायला नको. १५९५च्या अखेरीस मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंग लावून तट उडवला. समोर उघडं खिंडार, पलीकडं अकबराची फौज, आणि मधे उभी चांदबीबी. दिवसभर तिनं खिंडार लढवलं आणि रातोरात भिंत बांधून काढली. असा बचाव पुन्हा या मैदानावर झाला नाही. वऱ्हाड द्यावा लागला, पण किल्ला गेला नाही. काही वर्षांनी मोगल परत आले, तेव्हा तिला मारलं ते आपल्याच लोकांनी. प्रतिस्पर्ध्याला जमलं नाही, ते स्वयंगोलनं झालं. आणि आज शहराबाहेरच्या डोंगरावर पर्यटक ज्याला ‘चांदबीबी महाल’ म्हणून फोटो काढतात, ती कबर सलाबतखानाची. नाव बाईचं, आत दुसराच. सरपंचपतीची प्रथा आपल्याकडं किती जुनी आहे पाहा.

नाव देण्यात मात्र आपण कधी हात आखडला नाही. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्यादेवींचं नाव आता अख्ख्या जिल्ह्याला आहे. त्यांच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्तानं २०२५च्या मे महिन्यात राज्याचं मंत्रिमंडळ चौंडीला येऊन बैठक घेऊन गेलं. ज्या बाईनं परमुलखात घाट आणि विहिरी बांधल्या, तिच्या जिल्ह्यात पोरींना एक मैदान मिळायला काय अडचण आहे, असं विचारणं त्यामुळं बरं दिसत नाही.

पण मला विचारावं लागलं, कारण माझी भाची नववीत आहे आणि फुटबॉल खेळते. काल तिचा फोन आला. “मामा, आमची प्रॅक्टिस बंद झाली. दहा तारखेपर्यंत मैदानावर यायचं नाही म्हणालेत.”

“का गं?”

“मांडव घालतायत. नारीशक्ती सन्मान सोहळा आहे.”

म्हणजे पोरींचा सन्मान पूर्ण होईपर्यंत पोरींनी मैदानात पाय ठेवायचा नाही. मी भावींना म्हणालो, तुम्ही समितीत आहात, चला, बघून येऊ. आबाही काठी टेकत आले. मैदानभर बांबू रोवले होते, खुर्च्यांचे ढीग लागले होते. मांडवाच्या मागं, कुंपणाकडेला, पंधराएक फुटांची पट्टी उरली होती. तिथं दहा-बारा पोरी खेळत होत्या. मांडववाल्याकडून दोन बांबू मागून घेतले होते. जाळीच्या जागी ताणून बांधला होता एक जुना फ्लेक्स, जानेवारीतला. त्यावर हात जोडून, गॉगल लावून, मंद हसत उभे होते आमचे भावी. भोवती छोट्या गोलांत कार्यकर्ते.

आबा पट्टीकडं बघत पुटपुटले, “ह्यो बघा टेलचा ओलावा.”

नेम कसा धरायचा ते पोरींचं ठरलेलं होतं. एक ओरडली, “वरचा कार्याध्यक्ष!” चेंडू उडाला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या कार्याध्यक्षांना लागला. दुसरी म्हणाली, “खालचा युवा नेता!” तोही टिपला. भाची मागं सरकली, पळत आली आणि चेंडू सरळ भावींच्या गॉगलवर.

मला वाटलं, आता भावी चिडणार. पण त्यांचा ऊर भरून आला होता. “बघा,” ते म्हणाले, “निवडणुकीत कुणी वर मान करून बघितलं नाही. ह्या पोरी रोज दोन-दोन तास माझ्याकडंच बघतायत.” आणि मोबाइल माझ्या हातात देऊन ते थेट बांबूंच्या मधे, आपल्याच फ्लेक्ससमोर, हात जोडून उभे राहिले. “घ्या फोटो. महिला फुटबॉलला भावींचा भक्कम पाठिंबा.”

पोरी चेंडू घेऊन थांबल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी भाची कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “काका, जरा बाजूला व्हा ना. तुमच्यामुळं तुम्ही दिसत नाही.”