बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशपूर्व सूचना

बारावीचा निकाल लागून सीईटीचं पर्सेंटाइल हाती आलं, की घराघरांत प्लेसमेंट, नॅकची श्रेणी आणि मेसचं जेवण यांवर खल सुरू होतो. उमेदवाराच्या मनातला खरा निकष मात्र कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही: तिथे बसता येतं का? ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत टिपण.

आधी वयाचा दाखला काढा. महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ पूर्ण लागतात, व्हिस्की-रमला २५. म्हणजे इंजिनीअरिंग वेळेत उरकणाऱ्या सरळमार्गी मुलाला शेवटच्या वर्षी जेमतेम बिअर मिळते. कायदा पाळून व्हिस्की प्यायची तर केटी लावत मुक्काम वाढवावा, नाहीतर पीएचडीला नाव घालावं. वेळ दोन्हीकडे सारखाच जातो. पीएचडीला गाइड मिळतो, इतकंच. शिवाय परवाना हवा. एका दिवसाचा, देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५. कॉन्ट्री काढताना ही रक्कम धरावी. आजवर कोणी धरलेली नाही.

गोव्यात १८ पुरतात. त्यामुळे ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठाचा अर्ज आधी भरावासा वाटेल. सबुरी! गोव्यात खोली घेतल्याचं कळताच शाळासोबती, मावसभाऊ आणि मावसभावाचे ऑफिसातले मित्र शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन दारात उभे राहतात. ते सुट्टीवर असतात. सोमवारी सबमिशन तुमचं असतं.

पालकांचा ओढा अर्थातच दारूबंदीच्या जिल्ह्यांकडे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथल्या गोंडवाना विद्यापीठाच्या पदरात जिल्हे दोनच, दुसरा चंद्रपूर. २०१५ साली चंद्रपुरातही बंदी आली आणि अख्खं विद्यापीठच कागदोपत्री कोरडं झालं. २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठली, तेव्हा ते अर्धं ओलं झालं. बंदीच्या जिल्ह्यात बाटली मिळतच नाही, असा गैरसमज नसावा. फक्त बाटलीवर छापलेली किंमत आणि आपण मोजलेले पैसे यांचं नातं तुटतं.

एवढं करूनही खरी निवड गावाची नसतेच, रूम पार्टनरची असते. पार्टनर न पिणाराच गाठावा. रात्री दोन वाजता रेक्टरने दार वाजवलं की "सर, व्हायवाची तयारी चाललीय" असं शुद्धीत सांगणारा तोच. बेसिन तुंबलं की बादली घेऊन उठणारा तोच, आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला तुमचं जर्नल घेऊन जाणाराही तोच. शेंगदाणे-फरसाण तो एकटाच संपवतो, अशी तक्रार सर्व विद्यापीठांतून येते. कॉन्ट्री मात्र त्याच्याकडूनही समान घेतात. हा प्रकार निव्वळ लुटीचा आहे, पण त्याला वाचा फोडायला अजून एकही विद्यार्थी संघटना पुढे आलेली नाही.

ऑप्शन फॉर्म लॉक करण्याआधी नोंदणीला मोबाइल नंबर कोणाचा दिलाय, ते तपासा. ओटीपी बाबांच्या फोनवर जात असेल, तर वरील सर्व सूचना रद्द समजाव्यात.