समीक्षक गाडीवरून येतो

‘द स्क्वेअर’ या स्वीडिश सिनेमाला २०१७ साली कानच्या महोत्सवात पाम द’ऑर मिळालं. नटांचं कौतुक झालं, दिग्दर्शक रुबेन ओस्टलुंडचं झालं, माकडाचं सोंग घेणाऱ्या टेरी नोटरीचंही झालं. त्यातल्या सफाई कामगाराचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. वास्तविक अख्ख्या सिनेमात समकालीन कलेबद्दल स्पष्ट मत देणारा तो एकटा. तेही तोंड न उघडता.

स्टॉकहोमच्या राजवाड्यात कलेचं संग्रहालय आहे (राजवाड्यातलं हे संग्रहालय सिनेमापुरतंच, पत्ता शोधू नये). तिथल्या एका दालनात खडीचे ढीग ओळीनं मांडलेत. गटाराचं काम निघालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पडतात तसेच, फक्त टोकं नीट काढलेली आणि वर मांजर झोपलेलं नाही. भिंतीवर निऑनची अक्षरं: ‘तुझ्याकडे काहीच नाही’. लोक दारातून मान आत घालतात, वाचतात आणि मजकूर पटल्यासारखे निघून जातात. मग झाडायची गाडी येते. वर बसलेला माणूस ती ढिगांच्या मधून वळवत नेतो आणि जाता जाता थोडी कला गाडीच्या पोटात जाते.

आता हाहाकार व्हायला हवा. पण क्युरेटर ख्रिस्तियन म्हणतो, बोभाटा नको. फोटो आहेत, खडी आहे, आपणच परत मांडू.

आमच्या घरी सिनेमा इथे थांबवण्यात आला.

“म्हणजे हे कुणीही मांडू शकतं?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“कुणीही. पण आधी एकदा कलावंतानं मांडावं लागतं.”

“प्राणप्रतिष्ठा म्हण ना सरळ.”

समकालीन कलेवर मी जी दोन जाडजूड पुस्तकं वाचल्याचं सांगत असतो, त्यांत इतकं नेमकं काही नाही. मंत्र म्हटला की दगडाचा देव होतो. इथे मंत्र भिंतीवर चिकटवलेला असतो आणि त्याला क्युरेटरची टीप म्हणतात. ‘द्रव्याच्या अनुपस्थित उपस्थितीतून अवकाशाच्या सीमान्त राजकारणाला प्रश्नांकित करणारी ही मांडणी’ असं लिहिलं की खडी ब्रासवर विकली जात नाही, तिचा लिलाव होतो. (वाक्य मी आत्ता, भाजी फोडणीला पडेपर्यंत रचलं. हवं असल्यास वापरावं.) मंत्राची एकच अट, अर्थ विचारायचा नाही. सिनेमातली ॲन ही पत्रकार नेमकं तेच करते. संग्रहालयानंच प्रसिद्ध केलेला उतारा ती ख्रिस्तियनला वाचून दाखवते आणि याचा अर्थ काय, असं विचारते. लग्नात मुलीच्या मामानं मंगलाष्टकं थांबवून संधी-समास विचारावेत, तसा तो गडबडतो. मग तिची पर्स दाखवून म्हणतो, ही इथे ठेवली तर ती कला होईल का? ती मान डोलावते. पर्स मात्र घेऊन जाते.

दिग्दर्शकानं अतिशयोक्ती केली, असं कुणाला वाटेल. उलट त्यानं हात आखडता घेतलाय. २००१ साली लंडनच्या एका गॅलरीत डेमियन हर्स्टनं भरलेले ॲशट्रे, बियरच्या बाटल्या आणि कॉफीचे कप यांची मांडणी केली होती. सफाईवाल्यानं ती कचऱ्याच्या पिशव्यांत भरली. २०१५ साली इटलीत बोल्झानोच्या म्युझिऑनमध्ये शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटकं आणि रंगीत कागदाचे कपटे अशी पार्टीनंतरची खोली मांडली होती. सफाईवाल्यांनी पार्टी झाली असं समजून आवरून टाकली. दोन्ही ठिकाणी पुढं काय केलं? फोटो बघून परत मांडलं.

२०११ साली जर्मनीत डॉर्टमुंडला तीही सोय राहिली नाही. मार्टिन किपेनबर्गरच्या कलाकृतीत लाकडी पट्ट्यांच्या मनोऱ्याखाली एक रबरी घमेलं होतं आणि त्यात पाणी वाळून पडलेला डाग रंगवलेला होता. तिथल्या सफाईवाल्या बाईंनी डाग स्वच्छ घासून काढला. कलाकृतीची किंमत ८ लाख युरो. किपेनबर्गर १९९७ सालीच वारलेला, त्यामुळे नवा डाग पाडून द्यायला कुणी उरलं नव्हतं. डाग दिसला की घासायचा, एवढ्यासाठीच बाईंना पगार मिळत होता. डाग ओळखण्याचा पगार वेगळ्या लोकांना मिळतो, तो बराच जास्त असतो.

सिनेमाच्या नावातला स्क्वेअर म्हणजे राजवाड्यासमोर आखलेला चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. त्यात उभं राहणाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, एकमेकांची काळजी घ्यायची. (ही कल्पना ओस्टलुंड आणि काले बूमान यांनी आधी प्रत्यक्षात आणली होती, स्वीडनमधल्याच व्हॅर्नामू गावात.) चौकोनाबाहेर, म्हणजे उरलेल्या सगळ्या शहरात, भिकारी बसलेले. एक भिकारीण ख्रिस्तियनकडे चिकन सँडविच मागते आणि वर सांगते, कांदा नको. तो सँडविच आणून टाकतो आणि म्हणतो, कांदा तुझा तू काढ. विश्वास आणि काळजी कांद्याशी येऊन थांबते.

मग ते गाजलेलं जेवण. देणगीदार काळे कोट आणि बो घालून बसलेत. सूचना होते की जंगली प्राणी येतोय, हलू नका, कळपात लपा, शिकार दुसऱ्या कुणाची तरी होईल. उघड्या छातीचा माणूस माकडासारखा टेबलांमधून फिरतो. आधी लोक हसतात. मग तो एका बाईचे केस धरून तिला फरफटत नेतो, तरी ते आपापल्या ताटात बघत बसतात. कलाच चालू असेल तर मध्ये कसं पडायचं? फार उशिरा एक म्हातारा उठतो, आणि एक उठल्यावर सगळ्यांनाच जोर चढतो.

हा प्रसंग कानच्या मोठ्या सभागृहात कुणी बघितला? काळे कोट आणि बो घातलेल्यांनी. समारंभी पोशाखाशिवाय संध्याकाळच्या खेळाला तिथे आत सोडत नाहीत. कुणी आपल्या नावानं शिमगा करावा आणि आपण त्याला वर्गणी द्यावी, तसं पेद्रो आल्मोदोवारच्या अध्यक्षतेखालच्या ज्यूरीनं त्याला सर्वोच्च पारितोषिक दिलं. बक्षीस घ्यायला आलेल्या ओस्टलुंडनं सगळ्या सभागृहाला आनंदानं किंचाळायला सांगितलं. कोटवाले किंचाळले. पाच वर्षांनी त्यानं दुसऱ्या सिनेमात श्रीमंतांना आलिशान बोटीवर वांत्या करायला लावल्या. पुन्हा पाम द’ऑर. हे गिऱ्हाईक शिव्यांना दाद देतं, हे त्यानं पक्कं ओळखलंय.

एक गोष्ट मात्र सिनेमा हसण्यावारी नेत नाही. ख्रिस्तियनचा फोन चोरीला जातो. तो फोन कुठल्या इमारतीत आहे ते कळल्यावर तिथल्या प्रत्येक घरात तो धमकीची चिठ्ठी टाकतो. एका घरातल्या पोराला आई-वडील चोर समजतात. पोरगा दारात येऊन हटून बसतो, माफी माग म्हणतो. ख्रिस्तियन त्याला हाकलून देतो. मग उशिरा मनाला टोचणी लागते आणि पोराचा नंबर असलेला कागद शोधायला तो रात्री, धो धो पावसात, इमारतीखालच्या कचऱ्यात उतरतो. कॅमेरा वरून बघतोय. फाटलेल्या पिशव्या, भिजलेले कागद, मधोमध पांढरा शर्ट घातलेला क्युरेटर. शेजारी टीप नाही, निऑनची अक्षरं नाहीत. सकाळी कचऱ्याची गाडी येईल आणि हे सगळं घेऊन जाईल. फोटो बघून परत मांडायला कुणी येणार नाही.