कॅमेरा नक्को, मोबाइल चलता है

हैदराबादेत बागांना तोटा नाही. नामपल्लीत बाग-ए-आम आहे, हुसेनसागराच्या काठी लुंबिनी पार्क, दोमलगुड्यात इंदिरा पार्क, आणि 1998 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, मोरांसाठी ओळखलं जाणारं केबीआर. फोटो मात्र कुठल्याही बागेत जपूनच काढावा. चौकीदाराच्या शास्त्रानुसार लाखभर रुपयांचा, पाठीवर तीन डोळे असलेला फोन म्हणजे ‘मोबाइल’, म्हणून तो निरुपद्रवी. जुन्या बाजारातून उचललेला, झूम अर्ध्यात अडकणारा स्वस्त डबा म्हणजे ‘प्रोफेशनल कॅमेरा’. कारण त्याला गळ्यात अडकवायचा पट्टा असतो!

सहाव्या निजामाने छायाचित्रकार राजा दीनदयाळांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ते काचेच्या प्लेटा आणि तिपाई घेऊन हिंडत. आज आले असते तर किताबाऐवजी पावती मिळाली असती. पुढे बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो निघत. त्यामुळे बाराही वेळा आधी झाड पाहावं लागे. आता तीनशे फोटो निघतात आणि त्यातल्या दोनशे नव्वदांत झाडापुढे आपणच उभे असतो.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी धुराच्या कांड्या, छत्र्या नि घागऱ्याचा घेर घेऊन आलेली वरात फाटकातून सुखरूप आत जाते. एकट्या माणसाने वडाच्या पारंब्या टिपल्या, तर संशय येतो.

तेव्हा स्वस्त कॅमेरेवाल्यांनो, आधी तो गळ्यातला पट्टा काढून खिशात घाला.